जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी क्रँकशाफ्ट डॅम्पर निवडताना

कोल्हापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १९५१ ची शेव्हरोले स्टाइललाइन, इंजिन मूळचेच २१६ घनइंची, सहा सिलिंडरचे, आणि सध्या पूर्ण उघडलेले. क्रँक (पिस्टनांच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) ग्राइंड होऊन आली आहे, कनेक्टिंग रॉडमध्ये नवे व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) ओतून झाले आहे. जोडणीला हात घालण्याआधी असे लक्षात आले की क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डॅम्परमधले, म्हणजे तिची कंपने शोषणाऱ्या पुलीमधले, रबर फुगून बाहेर आले आहे आणि बाहेरचे जड कडे मधल्या हबवरून जवळजवळ तीन मिलिमीटर पुढे सरकले आहे. समोर तीन वाटा आहेत. ओळखीचा टर्नर त्याच मापाची, त्याच वजनाची भरीव पुली लेथवर बनवून द्यायला तयार आहे. भंगारवाल्याकडे एका जुन्या शेव्हरोले ट्रकचा डॅम्पर पडून आहे. अमेरिकेतून नवा मागवता येतो, पण टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून तो बराच महाग पडतो. गाडी शर्यतीत पळवायची नाही, कधीमधी रॅलीला आणि पुण्यापर्यंत न्यायची आहे, मग एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का, असे प्रश्नकर्त्याने शेवटी विचारले आहे.

उत्तर देण्यापूर्वी प्रश्नाची मांडणी थोडी बदलावी लागेल. तीन वस्तूंपैकी कोणती हबवर नीट बसेल, असा हा प्रश्न नाही. लेथवर काम करणारा चांगला कारागीर त्यातली कोणतीही बसवून देईल. या क्रँकच्या पिळाच्या कंपनांना आवर घालणारे, आणि ज्याच्या रबराची स्थिती आपल्याला ठाऊक आहे असे साधन त्यांपैकी कोणते, हे ठरवायचे आहे. गॅरेजमध्ये या भागाला सरसकट क्रँक पुली म्हटले जाते आणि त्यामुळे पट्टा फिरवणे हेच त्याचे काम असल्याची समजूत होते. पट्टा फिरवणे हे त्याचे दुय्यम काम आहे.

प्रत्येक स्फोटाबरोबर पिस्टन क्रँकच्या त्या भागाला झटका देतो. मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते, ते सहज वेग बदलत नाही. म्हणून क्रँक स्वतःच किंचित पिळली जाते आणि लगेच उलट उलगडते. हा पीळ अंशाच्या लहानशा भागाइतकाच असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि आसनावर बसलेल्याला जाणवेलच असेही नाही. चार सिलिंडरची आखूड क्रँक या बाबतीत बरीच ताठ असते. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनाची क्रँक लांब असते, आणि २१६ मध्ये तर तिला आधार द्यायला केवळ चार मेन बेअरिंगे आहेत. लांब क्रँकची पिळाची नैसर्गिक कंपनसंख्या खाली येते, आणि स्फोटांचे झटके त्या कंपनसंख्येशी जुळले की पीळ वाढत जातो. १९०० नंतर सहा सिलिंडरची इंजिने बनू लागली, तेव्हा चांगल्या पोलादाच्या क्रँकही तुटू लागल्या. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर आणि हेन्री रॉइस या दोघांनी पुढच्या टोकाला डॅम्पर बसवण्याचा उपाय शोधला, तो या अडचणीतूनच.

आता "शर्यतीत पळवायची नाही" या मुद्द्याकडे वळतो, कारण सगळा निर्णय तिथे अडला आहे असे मला वाटते. सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. त्यामुळे दर फेऱ्याला तीन, सहा, नऊ या पटीतले झटके सर्वांत जोरकस असतात आणि साडेचार पटीतलाही त्रासदायक ठरतो. केवळ हिशेब समजावा म्हणून असे धरू की एखाद्या क्रँकची पिळाची कंपनसंख्या सेकंदाला २०० आहे, म्हणजे मिनिटाला १२,०००. मग सहाच्या पटीतला झटका २००० फेऱ्यांवर जुळतो, साडेचारचा सुमारे २६७० वर आणि तीनचा ४००० वर. तुमच्या गाडीला साधा तीन गतींचा गिअरबॉक्स आणि मागे ४.११ चे गुणोत्तर असेल, तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन सुमारे २५०० फेरे घेते. या उदाहरणातल्या क्रँकला ताशी साठ-पासष्टच्या निवांत वेगात एक धोक्याचा टप्पा लागतो आणि पंचाऐंशीच्या आसपास दुसरा. ४००० चा टप्पा शर्यतवाल्याचा खरा, पण बाकीचे दोन महामार्गावर सावकाश जाणाऱ्याच्याच वाट्याला येतात. शर्यतवाला त्या टप्प्यातून क्षणात पार होतो. पुण्याला निघालेला माणूस पाऊण तास नेमका त्याच फेऱ्यांवर गाडी ठेवतो. तुमच्या क्रँकची कंपनसंख्या अगदी २०० असेल असे मी म्हणत नाही. या इंजिनाची कमाल शक्ती ९२ अश्वशक्ती, तीही ३४०० फेऱ्यांवर, आणि तेवढ्या मर्यादेत चालणाऱ्या इंजिनाला डॅम्पर लावण्याचा खर्च कारखान्याने हौसेने केलेला नाही, इतकेच मला सांगायचे आहे.

टर्नरच्या भरीव पुलीबद्दलचे माझे मत यावरून लक्षात आले असेल. तरीही त्याचे कारण तपशिलाने सांगतो, कारण "वजन तेवढेच ठेवले की झाले" हा युक्तिवाद मी पुष्कळ वेळा ऐकला आहे आणि तो वरवर पटतो. मूळ डॅम्परमध्ये बाहेरचे कडे रबराच्या थरावर तरंगते असते. हब क्रँकबरोबर पुढे-मागे पिळत असताना कडे स्वतःच्या जडत्वामुळे मागे राहते, मधले रबर ताणले जाते आणि त्या ताणात कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. शिवाय कड्याचे जडत्व आणि रबराचा ताठपणा यांचा मेळ असा घातलेला असतो की ते क्रँकच्या कंपनसंख्येजवळच प्रतिसाद देतात. तेवढेच वजन भरीव करून क्रँकच्या टोकावर घट्ट बसवले, तर ऊर्जा शोषणारे काहीच उरत नाही, आणि टोकाचे जडत्व वाढल्याने क्रँकची कंपनसंख्या आणखी खाली येते, म्हणजे धोक्याचे टप्पे नेहमीच्या वेगाच्या अधिक आत सरकतात. बारीक, हलकी पुली लावली तर कंपनसंख्या उलट वर जाते. तेवढ्यापुरती ती भरीव पुलीपेक्षा कमी वाईट, पण कंपन शोषण्याची सोय तिच्यातही नाही. म्हणून लेथवरची पुली, ती कितीही सफाईदार असली तरी, या इंजिनासाठी मी यादीतूनच काढून टाकतो.

तुम्ही जाता जाता असेही लिहिले आहे की मागच्या काही वर्षांत फायबरचा टायमिंग गिअर दोनदा बदलावा लागला. या इंजिनात टायमिंगला साखळी नाही. क्रँकवरचा लहान धातूचा गिअर थेट कॅमशाफ्टवरचा फायबरचा गिअर फिरवतो, आणि क्रँकचे पुढचे टोक पिळत असेल तर त्याचे हादरे सर्वप्रथम त्या फायबरच्या दातांवर येतात. गिअर जाण्याची इतर कारणेही असतात: तेलाची वाट तुंबणे, दातांमधली फट चुकणे, हलक्या प्रतीचा माल. त्यामुळे सगळा दोष डॅम्परवर टाकता येणार नाही. पण माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांत गिअर वारंवार जाणे आणि डॅम्परचे कडे सरकलेले असणे या दोन गोष्टी इतक्या वेळा एकत्र सापडल्या आहेत, की गिअर बदलायला आलेल्या गाडीचा डॅम्पर मी आधी तपासतो.

आता भंगारातला डॅम्पर. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला आणि १९५४ मध्ये तो बंद केला. त्या काळातल्या गाड्या आणि युद्धानंतर लष्कराने विकून टाकलेले शेव्हरोले ट्रक यांमुळे आपल्याकडच्या जुन्या बाजारांत या इंजिनाचे भाग अजूनही अधूनमधून सापडतात. अडचण अशी की त्या डॅम्परमधले रबरही तुमच्या डॅम्परमधल्याइतकेच म्हातारे आहे. लोखंड सत्तर वर्षे टिकते, रबर टिकत नाही. ते वयाने कडक होते, आणि पुढच्या ऑइल सीलमधून गळणारे तेल पीत राहिले तर फुगते व मऊ पडते. दोन्ही प्रकारांत कड्याचा मूळ मेळ बिघडतो आणि एके दिवशी लोखंडापासून रबर सुटते. हीच गोष्ट डब्यात बंद राहिलेल्या कोऱ्या जुन्या मालालाही लागू आहे, ज्याच्यासाठी हौशी लोक मोठी किंमत मोजतात. मूळ कागदात गुंडाळलेला, गंजाचा ठिपकाही नसलेला डॅम्पर हातात घेतला की मन हरखते हे मान्य. पण रबराचे वय गाडी चालल्याने मोजले जात नाही.

तरीही भंगारातला तो डॅम्पर स्वस्तात मिळत असेल तर घेऊन ठेवा. त्याचा हब आणि कडे नवीन रबर भरण्यासाठी सुटा माल म्हणून उपयोगी पडतील, विशेषतः तुमच्या मूळ हबवर ऑइल सीलने खोल चर पाडला असेल किंवा कीची (हब क्रँकवर फिरू न देणाऱ्या पट्टीची) खाच फाटली असेल तर. घेण्यापूर्वी तो २१६ चाच आहे की २३५ घनइंची इंजिनाचा, हे पाहून घ्या. शेव्हरोलेने १९४१ पासून ट्रकांत २३५ वापरायला सुरुवात केली होती. २१६ चा स्ट्रोक पावणेचार इंच, तर २३५ चा त्याहून तीन-षोडशांश इंच अधिक. क्रँक वेगळी, पिस्टन वेगळे. भोक जुळले म्हणून मेळही जुळेल असे नाही. कड्याची जाडी, पट्ट्याच्या खाचेची रुंदी आणि ती खाच पाण्याच्या पंपाच्या व डायनामोच्या पुलीशी एका रेषेत येते का, हे तुमच्या मूळ डॅम्परशेजारी ठेवूनच तपासा. गाडीत पुढेमागे पूर्ण २३५ इंजिन बसवायचे असेल तर त्याचा त्याचा डॅम्पर त्याच्यासोबत ठेवावा, हे वेगळे सांगायला नको.

माझा स्वतःचा कल, मूळ डॅम्परचा हब आणि कडे सुस्थितीत असतील तर, त्यातच नवीन रबर भरून घेण्याकडे असतो. यात वजन, माप, पट्ट्याची रेषा, सगळे कारखान्याचेच राहते आणि बदलते ते फक्त खराब झालेले रबर. अमेरिकेत केवळ हेच काम करणाऱ्या कार्यशाळा आहेत. ते जुने रबर पूर्ण काढतात, दोन्ही लोखंडी पृष्ठभाग साफ करून त्यांवर चिकटद्रव्य लावतात, साच्यात कडे व हब समकेंद्री धरतात आणि रबर दाबाखाली भरून पक्के करतात. पाठवण्याआधी त्यांना चार गोष्टी विचाराव्यात: तुमच्या इंजिनाचा क्रमांक आणि वर्ष सांगितल्यावर ते रबराची कठीणता त्यानुसार ठरवतात की सर्वांना एकच वापरतात, रबर तेलाला टिकणारे आहे का, काम झाल्यावर कड्याचा डगमग किती थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आत ठेवतात, आणि समतोल तपासून देतात का. पहिल्या प्रश्नाला ज्याच्याकडे धड उत्तर नसेल, त्याच्याकडे मी माल पाठवणार नाही.

हे काम इथे होणार नाही का, असा पुढचा प्रश्न येईल. पिंपरी-चिंचवडसारख्या औद्योगिक भागांत छपाईच्या आणि कापडगिरणीच्या रोलरवर रबर चढवणारे कुशल लोक आहेत, आणि लोखंडाला रबर पक्के धरवणे त्यांना निश्चितच जमते. प्रश्न उरतो तो कोणते रबर, हा. त्यांच्याकडे गेल्यावर ते साहजिकच विचारतील, "कठीणता किती हवी?" अशा वेळी जुन्या रबरावर शोअर गेज (रबराची कठीणता मोजणारे उपकरण) टेकवून येणारा आकडा सांगू नये; ते रबर वयाने कडक झालेले असते, किंवा तेलाने मऊ, आणि तोच आकडा धरून भरलेले नवे रबर पहिल्या दिवसापासून चुकीचे ठरते. मूळ आकडा माहीत नसेल तर चांगल्या स्थितीतला दुसरा डॅम्पर तुलनेसाठी मिळवावा लागतो. हब बाकावरच्या व्हाइसमध्ये घट्ट आवळायचा, कड्याला एक लांब दांडी पक्की करायची, तिच्या टोकाला ठरावीक वजन टांगायचे आणि कडे किती फिरले ते डायल गेजने मोजायचे. स्थिर वजनाखालचा ताठपणा आणि वेगाने कंप पावताना असणारा ताठपणा एकसारखे नसतात, म्हणून ही चाचणी परिपूर्ण नाही. पण एकाच जातीच्या रबराचे दोन डॅम्पर शेजारी ठेवून मोजले तर घोर चूक लगेच पकडली जाते. ज्याच्याकडे तुलनेचा नमुना आणि एवढा धीर आहे, त्याने इथे काम करून घ्यायला माझी हरकत नाही. नमुनाच नसेल तर परदेशी पाठवण्याचा खर्च मला योग्य वाटतो.

नवीन बनवलेला डॅम्पर तिसरा. चांगल्या बनावटीचा असेल तर तो पूर्णपणे स्वीकारण्याजोगा आहे, आणि तुमचा मूळ हब निकामी असेल तर तोच सरळ मार्ग आहे. पण "बसतो" एवढ्या वर्णनावर समाधान मानू नका. रबर केव्हा भरले, कड्याचे वजन मूळ डॅम्परच्या किती जवळ आहे आणि भोकाचे माप किती, हे विक्रेत्याने लेखी सांगायला हवे. वजनात मोठा फरक असेल तर तो केवळ नक्षीकाम वेगळे म्हणून आहे की जडत्वच बदलले आहे, हे कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सिलिकोनच्या घट्ट द्रवात जड कडे फिरते ठेवलेले डॅम्परही मिळतात. फ्लुइडँपर हे त्यातले परिचित नाव. त्यांचा फायदा असा की ते एकाच कंपनसंख्येला बांधलेले नसतात आणि मोठ्या पल्ल्यात काम करतात, म्हणून पिस्टन, रॉड, फ्लायव्हील असे सगळेच बदललेल्या इंजिनाला ते सोयीचे पडतात. एटीआयसारखे काही उत्पादक रबराचे कडे बदलता येतील अशी रचना करतात. हा बहुतेक माल अमेरिकी व्ही-८ आणि नंतरच्या काळातली सहा सिलिंडरची इंजिने डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला आहे. ९२ अश्वशक्तीच्या, मूळ अवस्थेतल्या २१६ साठी तो मुद्दाम बनवून घेणे मला अनाठायी वाटते. मात्र तुम्ही फ्लायव्हील हलके करून घेतले असेल किंवा ॲल्युमिनियमचे वेगळ्या वजनाचे पिस्टन टाकले असतील, तर ते जरूर कळवा. मग मूळ डॅम्परचा मेळ किती उरला याचा पुन्हा विचार करावा लागेल.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर क्रम असा लागतो: मूळ लोखंडात नवे रबर, ते शक्य नसल्यास खात्रीचा नवा डॅम्पर, भंगारातला केवळ सुटा माल म्हणून, आणि भरीव पुली नाही. यानंतरचा भाग बसवण्याचा आहे, आणि चांगला डॅम्पर बहुधा तिथेच वाया जातो.

२१६ मध्ये डॅम्पर क्रँकच्या टोकावर केवळ दाबून बसवलेला असतो. पुढून बोल्ट नसतो, कारण टोकाला भोकच पाडलेले नाही. म्हणजे सगळा भरवसा हबच्या पकडीवर. पूर्वी तो अनेकदा काढला-घातला गेला असेल तर पकड सैल झालेली असू शकते. क्रँकचे टोक मायक्रोमीटरने आणि हबचे भोक बोअर गेजने, दोन-तीन ठिकाणी, एकाच तापमानाला मोजून घ्या. भोक टोकापेक्षा साधारण एक ते दीड थाऊ लहान असावे. शून्य पकड असेल तर लॉकटाइटसारखे चिकटद्रव्य लावून भागवणे हा उपाय नाही. हबला बुश (भोक लहान करणारी धातूची नळी) टाकणे किंवा टोकावर धातू चढवून पुन्हा ग्राइंड करणे, यांपैकी काय करायचे ते मशीनशॉपवाल्याशी बोलून ठरवा. उलट तीन-चार थाऊची पकड निघाली तर हब चढताना चिरण्याचा धोका असतो.

क्रँक आत्ता बाहेरच आहे, म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा की तिच्या पुढच्या टोकाला लेथवर, अगदी मध्यात, भोक पाडून आटे करून घ्यावेत आणि जाड वॉशरसह बोल्ट लावण्याची सोय करावी. इंजिन गाडीत बसल्यावर हातड्रिलने हे काम सरळ होत नाही, आणि पुढच्या आडव्या चॅनेलमुळे तिथे जागाही नसते. या एका कामाने दोन गोष्टी साधतात: डॅम्पर ठोकण्याऐवजी आट्यांच्या साहाय्याने ओढून बसवता येतो, आणि पुढे तो कधी निसटत नाही. हँडल मारून इंजिन चालू करण्याची सोय तुम्हाला ठेवायची असेल, तर बोल्टचे डोके तिच्या आड येणार नाही असे पाहून बोल्ट निवडा. मूळपणाचा फार आग्रह असलेल्या परीक्षकाला हा बोल्ट खटकू शकेल. मला तो खटकत नाही.

बसवताना कड्यावर हातोडा मारू नये, लाकडाचा ठोकळा मधे धरूनही नाही. नवे रबर पहिल्याच दिवशी हबपासून सुटण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. काढतानाही पुलरचे पंजे कड्यामागे अडकवू नयेत, जोर हबवरच यायला हवा. हब थोडा गरम करून बसवणे चांगले, पण गॅसची ज्योत रबराजवळ न्यायची नाही. उकळत्या पाण्याइतके तापमान पुरे होते: सव्वा इंचाच्या आसपासचे भोक साधारण सत्तर अंश सेल्सिअसने तापले की जवळजवळ एक थाऊ उघडते, म्हणजे पकड बहुतांशी तात्पुरती निघून जाते. पाण्यातून काढून झटपट कोरडा करा, टोकाला तेलाचा पातळ हात लावा, कीची खाच जुळवा आणि न थांबता शेवटपर्यंत ओढून न्या. अर्ध्यावर अडकला तर ठोकत बसू नका. काढा आणि पुन्हा तापवा.

हबचा बाहेरचा गुळगुळीत भाग टायमिंग कव्हरच्या ऑइल सीलमध्ये फिरतो. त्यावर नखाला लागेल इतका चर असेल तर पातळ दुरुस्ती-स्लीव्ह चढवून घ्या, नाहीतर नवे सीलही गळेल आणि ते तेल थेट नव्या रबरावर पडेल. टायमिंग कव्हर पक्के करण्याआधी सील हबभोवती समकेंद्री बसले आहे हेही पाहा.

समतोलाबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण प्रश्नात "डॅम्पर बदलला तर क्रँक पुन्हा बॅलन्स करावी लागेल का" असेही विचारले आहे. सहा सिलिंडरची सरळ क्रँक स्वतःपुरती समतोल असते आणि तिचा डॅम्परही स्वतःपुरता समतोल असायला हवा. दोघे एकमेकांची उणीव भरून काढत नाहीत. काही व्ही-८ इंजिनांत असे नसते. फोर्डच्या ३०२ घनइंची इंजिनात डॅम्परवर मुद्दाम ठेवलेला असमतोल आधी २८ औंस-इंच होता आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ५० झाला, त्यामुळे तिथे चुकीचा डॅम्पर लावला की इंजिन थरथरत सुटते. तुम्हाला ही काळजी नाही. तुमच्या बाबतीत क्रँक एकटी बॅलन्स करून घ्यावी, मग फ्लायव्हील आणि क्लच कव्हर जोडून तपासावे आणि शेवटी डॅम्पर चढवून पाहावे. डॅम्पर चढवल्यावर असमतोल दिसला तर दोष डॅम्परमध्ये आहे, आणि दुरुस्तीही त्याच्याच कड्यावर व्हायला हवी. मशीनवाला घाईने क्रँकच्या वजनातून धातू काढू लागला तर त्याला थांबवा.

जुळणीतली एक गोष्ट मात्र तुमच्या पथ्यावर पडणारी आहे. पुष्कळ इंजिनांत इग्निशन टायमिंगची खूण डॅम्परच्या कड्यावर असते, आणि कडे सरकले की टायमिंग लाइट खोटे सांगू लागतो. शेव्हरोलेच्या या सहा सिलिंडरच्या इंजिनात खूण मागे फ्लायव्हीलवर आहे, एक पोलादी गोळी, जी बेलहाउसिंगच्या खिडकीतून दिसते. त्यामुळे कडे फिरले म्हणून आजवरचे टायमिंग चुकले असेल अशी शंका घेण्याचे कारण नाही.

इंजिन सुरू करण्याआधी हबच्या तोंडापासून रबरावरून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ, बारीक रेघ ओढून ठेवा आणि डायल गेजने कड्याचा डगमग मोजून वहीत लिहा. व्हाइट मेटलचे बेअरिंग असल्याने रनिंग-इन, म्हणजे नव्याने जोडलेले इंजिन सुरुवातीला हळू चालवणे, तुम्ही सावकाश करणारच आहात. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर आणि मग दर तेलबदलाला ती रेघ पाहा. ती हब आणि कडे यांच्यामध्ये तुटलेली दिसली, तर कडे फिरले आहे आणि गाडी तशीच पुढे चालवू नये, कारण सुटलेले कडे पंखा आणि रेडिएटर दोन्ही घेऊन जाते. तुमच्या हबच्या भोकाचे आणि क्रँकच्या टोकाचे माप मिळाले की इथेच कळवा. पकड किती येते ते पाहून बुश टाकायचा की नाही, हे त्यावरून सांगता येईल.